सुन्न पायातली आग

पायाला बर्फ लावला तरी कळत नाही, आणि तोच पाय दिवसभर जळतो, हे कसं काय?

या कोड्याने साताऱ्याच्या रेणूला पार भंडावून सोडलं होतं. तिचे भालूकाका म्हणजे मल्लखांबाचे वस्ताद. गेल्या वर्षी ते खांबावरून पडले आणि त्यांच्या मज्जारज्जूला (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नसांच्या जाड दोराला) इजा झाली. कमरेखालचं सगळं सुन्न झालं. तरी ते म्हणायचे, "तळपाय भाजतायत गं." एकदा रेणूने गुपचूप त्यांच्या अंगठ्यावर बर्फ ठेवला. काका आपले पेपर वाचतच राहिले.

"बघ, कळलं का काही? उगाच नाटकं करतोस!" ती हसली. काकाही हसले, पण त्या दिवसापासून दुखणं दहापैकी किती, याच्या रोजच्या नोंदीत शून्य लिहू लागले.

आता संशोधन केंद्रात नव्या औषधाची चाचणी होणार होती, आणि शून्य लिहिणाऱ्यांना त्यात जागा नव्हती. केंद्रातल्या मुजावर आजोबांनी हे, आणि काका रोज शून्यच लिहितात हेही, रेणूला सांगितलं.

"पण आजोबा, सुन्न पाय दुखेल कसा?"

आजोबा हाडाचे शास्त्रज्ञ. प्रश्न विचारला की स्वारी खूश! त्यांनी भिंतीला हात लावला आणि भिंतभर काकांच्या मज्जारज्जूचं चित्र उजळलं. बारीक फांद्या फुटलेल्या हजारो पेशी त्यात हलत होत्या.

"या रक्षकपेशी (मेंदूत आणि मज्जारज्जूत राहणारे शरीराचे पहारेकरी). काका पडले तशा या धावल्या. रक्तातल्या पेशीही मदतीला आल्या. मेलेल्या पेशींचा कचरा उपसला, जखम आणखी पसरू नये म्हणून झटल्या."

"बापरे, कसल्या भारी आहेत!" रेणू बघतच राहिली.

"भारी खऱ्याच. पण चोर पळाला तरी यांची शिट्टी थांबेना. यांच्यातून पाझरणारी रसायनं जखमेच्या वरच्या चेतापेशींना (नसांचे निरोप नेणाऱ्या पेशींना) चिडवतात. मग त्या काही कारण नसताना 'दुखलं, दुखलं' असं मेंदूला कळवतात. पूर्वी पायाचे निरोप याच वाटेने यायचे, म्हणून मेंदूला वाटतं, पायच जळतोय."

"आणि माझ्या बर्फाचा निरोप?"

"तो खालून निघतो. मधे दोरच तुटलाय, वर पोचणार कसा?"

"म्हणजे काकाचं दुखणं खरं होतं."

"अगदी खरं, पोरी."

रेणूने भिंतीवरच्या पेशींकडे बोट दाखवून विचारलं, "मग या पहारेकऱ्यांना हाकलायचं?"

"छे! ज्यांनी वाचवलं त्यांना कुणी हाकलतं का? फक्त शांत करायचं. जमतंय का, ते चाचणीत कळेल. मला तरी आशा आहे."

रेणू धावतच व्यायामशाळेत गेली. काका आवाजावर चालणाऱ्या खुर्चीत बसून पोरांना पकड शिकवत होते. असे जळते पाय घेऊन हा माणूस रोज इथे येतो, या विचाराने तिचा ऊर भरून आला. तिने नोंदीची पाटी पुढे धरली.

"काका, मी चुकले. आज खरं लिही."

काकांचं बोट शून्यावर गेलं, थबकलं, आणि सरकत सरकत आठावर थांबलं.

"आठ?" रेणूचे डोळे भरले.

"आज जरा कमी आहे," काका म्हणाले.