आगीचं पान

"मावशी, चुलीला हात लावू नकोस! किती वर्षं तेच तेच सांगायचं तुला?"

टोर्मोड टेबलापाशी बसल्या बसल्याच ओरडला आणि बोर्गहिल्डने उचललेलं लाकूड मुकाट्याने पुन्हा पेटीत ठेवलं. या घरात तिने गाईंच्या धारा काढल्या, बहिणीचं हे आईवेगळं लेकरू वाढवलं, पुढे त्या लेकराची लेकरं वाढवली... पण चुलीत लाकूड सरकवायचं, राख काढायची, दिव्याला काडी लावायची म्हटलं की शेंबडं पोरही मध्ये पडायचं. चर्चच्या तळघरात कॉफी उकळायची असली की बायका हसून म्हणत, "बोर्गहिल्डला आपले कप पुसू द्या गं, गाव एकदा जळलं तेवढं पुरे!" तेहतीस वर्षं झाली, त्या विनोदाचा अजून कुणाला कंटाळा आला नव्हता.

नॉर्डाल वसून यंदा पन्नास वर्षं झाली म्हणून गावाच्या इतिहासाचं पुस्तक निघणार होतं. प्रत्येक घराने आपापलं पान लिहायचं, रविवारी सभागृहात सगळ्यांसमोर वाचायचं आणि कुणाची हरकत नसली तर घरच्या कर्त्याने तिथेच सही करायची, असं ठरलं होतं. टोर्मोडचं पान नुकतंच लिहून झालं होतं.

"ऐक," तो म्हणाला. "'एप्रिल १९२२. सोसाट्याचा वारा असताना आमची मावशी बोर्गहिल्ड हिने निष्काळजीपणे चुलीतली धगधगती राख अंगणात फेकली. माळावरचं वाळलं गवत पेटलं. पाच घरं, पेरणीचं सगळं बियाणं आणि माझी आई इंगेरिड त्यात जळाली.' काही चुकलंय?"

"नाही... फक्त माझं नाव नको घालूस, बाळा. 'घरातल्या कुणीतरी' एवढंच लिही. माणसं मरतात, बोलणं विरून जातं... पण एकदा पांढऱ्यावर काळं झालं की तुझ्या लेकीची, सिग्नीची नातवंडंसुद्धा ते वाचतील रे!"

"वाचू देत. आईचं नाव थडग्यावर कोरलंय, ते कुणाला चुकलंय वाचायला? तुझ्याच नावाचे एवढे लाड का?"

एकच वाक्य... एकच वाक्य तेहतीस वर्षं तिच्या ओठांशी येऊन परतत होतं. राख नव्हतीच ती! सहा वर्षांचा टोर्मोड गोफरच्या, म्हणजे माळावरच्या घुशीसारख्या प्राण्याच्या, बिळात पेटतं गवत कोंबून बसला होता, धुराने त्याला बाहेर काढायला. शेतातलं बियाणं फस्त करणाऱ्या त्या गोफरची एक शेपटी शाळेत नेऊन दिली की एक सेंट मिळे, आणि गावातली झाडून सारी पोरं त्या नादाने वेडी झाली होती. वारा फिरला... पोर गोठ्यात लपलं असेल या भीतीने इंगेरिड जळत्या गोठ्यात धावत शिरली, आणि पोर तिकडे तळ्याच्या चिखलात सुखरूप बसलेलं! संध्याकाळी टोर्मोडचा बाप हाल्वर हातात चाबूक घेऊन "कुणी लावली? नाव सांगा!" असं किंचाळत अंगणात फिरत होता. मुलाच्या भुवया करपलेल्या होत्या. बावीस वर्षांच्या बोर्गहिल्डने मुलाला पाठीशी घातलं आणि ती म्हणाली, "मी. मी राख फेकली."

चाबूक तिच्या पाठीवर उतरला. पुढच्याच आठवड्यात गुटोर्म लोहाराने साखरपुड्याची अंगठी परत मागितली. मुलगा पंधरा दिवस तापाने फणफणला आणि उठला तो सारं विसरून. तिने देवाचे आभार मानले... पण तोच मुलगा बापाच्या मांडीवर बसून तिचा द्वेष करायला शिकला, तेव्हा कुणाचे आभार मानावेत हे तिला कळेना.

"तुझी मर्जी," एवढंच ती म्हणाली.

रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या टेबलाशी टोर्मोड, त्याच्या एका बाजूला आठ वर्षांची सिग्नी, दुसऱ्या बाजूला बोर्गहिल्ड. त्याने पान खणखणीत आवाजात वाचलं. नाव आलं तेव्हा मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"कुणाची हरकत?" लुंडे मास्तरांनी विचारलं.

"माझी आहे!" ऐंशी वर्षांची आस्ता काठी टेकत उठली.

"आजी, तुमचं पान नंतर आहे."

"नंतर मी असेन की नाही, कुणास ठाऊक! त्या आगीत माझं घर जळलंय, मला बोलायचा हक्क आहे. राखबीख काही नव्हती, मास्तर. हा टोर्मोड गोफरच्या बिळाशी जाळ करत होता. मी खिडकीतून या डोळ्यांनी पाहिलं. कमरेला सुतळी, सुतळीला तीन शेपट्या."

सभागृहात कुजबूज उठली. "मग इतकी वर्षं मूग गिळून का बसलात?" मास्तर चिडलेच.

"हिने आपणहून अंगावर घेतलं, म्हणून. म्हटलं, घेऊ दे. ना नवरा, ना पोर, हिच्यावाचून कुणाचं काय अडणार होतं? पोराचं तरी आयुष्य नासायचं नाही..." म्हातारीचा स्वर चिरकला. "आणि पुढे मलाही सवय झाली, सगळ्यांच्या बरोबर हसायची."

"आजी, वय झालं तुमचं," टोर्मोड हसत म्हणाला. आणि हसता हसता त्याचा हात नकळत कमरेशी गेला... तिथेच थबकला. चेहरा पांढराफटक पडला. तो हळूहळू वळला.

"मावशी... खरं आहे हे?"

हाच तो प्रश्न! याच प्रश्नासाठी तर ती जगली होती! तिचं काळीज उचंबळून आलं. 'हो' म्हटलं की सुटका... पण बापाची बाही धरून सिग्नी टक लावून पाहत होती. दर रविवारी आईच्या थडग्यावर फुलं वाहणाऱ्या या माणसाने उद्या त्या थडग्यासमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

"नाही," ती म्हणाली. "आस्ताबाईंची नजर तेव्हाही अधूच होती. राख मीच फेकली."

"खोटारडी!" आस्ता ओरडली. "अगं, मरताना तरी मला हलकं होऊ दे!"

बोर्गहिल्डने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती टोर्मोडकडे पाहत होती. त्याला आठवलं होतं... धूर, सुतळी, सारं काही! आणि ती खोटं बोलली हेही त्याला कळलं होतं, त्याच्या डोळ्यांत ते लख्ख दिसत होतं. स्वतःच्या तोंडाने 'नाही' म्हणूनसुद्धा तिच्या मनात एक वेडी आशा उसळली... आता तो हे पान फाडेल! देवा, एकदाच, एकदाच त्याने ते फाडावं!

"मग काय करायचं, टोर्मोड?" मास्तर म्हणाले. "बदलायचं का?"

टोर्मोडने सिग्नीकडे पाहिलं, मग भरलेल्या बाकांकडे.

"मावशी स्वतःच सांगतेय ना," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आहे तसंच छापा."

त्याने पेन उचललं. आणि त्याच क्षणी टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही असा, त्याचा डावा हात चाचपडत आला आणि त्याने बोर्गहिल्डचा हात घट्ट धरला. टेबलावर उजव्या हाताने त्याने सही केली.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या. मागच्या बाकावरच्या बायकांनी एकमेकींना कोपर मारलं.

"बघितलंस? पस्तावली गं अखेर म्हातारी!"