काठावरून दिसलेलं

साताऱ्याच्या एका मेंदूविज्ञान संस्थेत डॉ. ऋजुता देवस्थळीने आजवर कितीतरी दुःखी माणसांना स्मृतिपालट यंत्राखाली बसवलं होतं. त्या सकाळी तिथे तिचे वडील बसणार होते. त्यांच्या डोक्यावर यंत्राची जाळी बसवणं तिला जमेना, तेव्हा तिच्या सहकाऱ्याने, डॉ. इनामदारांनी, ते काम आपल्याकडे घेतलं.

काही महिन्यांपूर्वी तिचे वडील रत्नाकर आणि आई सुनीती वाशिष्ठी नदीच्या पुरात सापडले होते. एका हाताने रत्नाकरांनी आंब्याची फांदी पकडली होती, दुसऱ्याने पत्नीचा हात. फांदी कडकडू लागली. सुनीतीने एकदा फांदीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि आपली बोटं सोडवून घेतली. त्यांनी मूठ आवळली, पण ओली बोटं एकेक करून निसटून गेली. आसपास पाहायला कुणीही नव्हतं. तेव्हापासून ते निसटणं त्यांच्या तळहातात रोज नव्याने घडत होतं. जेवताना हातातला घास गळून पडे. लेकीने हात धरला तरी ते दचकून सोडवून घेत.

इनामदारांना हा उपचार पटत नव्हता, आणि आदल्या दिवशी त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंही होतं.

"आठवण जागी केली की थोडा वेळ ती मऊ पडते. तेवढ्यात आपण तिच्यातला पाहणारा डोळा हलवतो. आत असलेला माणूस काठावर जाऊन उभा राहतो. मग प्रसंग दुसऱ्या कुणावर तरी गुदरल्यासारखा वाटतो आणि दुःख ओसरतं. पण काठावरून फक्त दिसतं, ऋजुता. स्पर्श कळत नाही."

"तो स्पर्शच तर त्यांना नको आहे," ती म्हणाली.

"मूळ आठवण परत आणता येणार नाही. तिच्यावरच नवी लिहिली जाते."

ते तिलाही ठाऊक होतं. पण वडिलांचे हाल तिला पाहवत नव्हते.

उपचाराला यश आलं. रत्नाकर शांत झोपू लागले, पोटभर जेवू लागले. बागेत वाफे करू लागले. एकदा रस्ता ओलांडताना त्यांनी आपणहून ऋजुताचा हात धरला, तेव्हा तिला रडू आवरेना.

सुनीतीच्या वर्षश्राद्धाला ऋजुताने तिच्या आवडीची शेवयांची खीर केली. दुपारी जेवताना तिने आईची आठवण काढली. रत्नाकरांनी अगदी सहज, शेजारपाजारची हकीकत सांगावी तशी, त्या पुराची कहाणी सांगायला सुरुवात केली. नदी कशी फुगली होती, फांदी कशी वाकली होती.

"आणि मग त्याने तिला सोडलं," ते म्हणाले.

ऋजुताने वाटी खाली ठेवली. "कुणी, बाबा?"

"त्या माणसाने. म्हणजे मीच तो, कळतं मला. पण मला स्पष्ट दिसतं ना. दोघांचे हात एकमेकांत आहेत, फांदी मोडतेय, आणि हात सुटतो. तो वाचतो, ती जाते."

"तुम्ही नाही सोडलंत. आईने स्वतः बोटं सोडवली. तुम्हीच सांगितलंय मला, कितीदा तरी."

रत्नाकरांनी थोडा विचार केला. आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं.

"जो वाचला तो असंच म्हणणार, बाळ. त्याच्याशिवाय सांगायला दुसरं होतं कोण?"

आई आपण होऊन गेली, याला पुरावा एकच होता: वडिलांच्या तळहाताला कळलेली तिची बोटं. तो पुरावा ऋजुतानेच, मायेपोटी, पुसून टाकला होता. आणि वडील तर शास्त्राला धरूनच बोलत होते. बाहेरून पाहणाऱ्याला सुटलेला हात दिसतो. कुणी सोडवला ते दिसत नाही.

रत्नाकरांनी आणखी खीर मागितली. तिने वाढली. वाढता वाढता तिने तो प्रसंग मनाशी आणून पाहिला. आजवर तो तिला नेहमी वडिलांच्या डोळ्यांनी दिसत आला होता: समोर आईचा भिजलेला चेहरा, तिची ती शेवटची नजर. आता ती नजर काही केल्या दिसेना. दूरवर पाणी होतं, पाण्यात दोन माणसं होती, आणि त्यांतल्या एकाने, तिला वाटून गेलं, हात सोडला होता.

त्या दिवशी नदीकाठी कुणीही नव्हतं. आता बापलेक दोघंही तिथे उभे होते.