बिरडं आई आल्यावर

पाणी भरपूर, ऊन भरपूर, तरी वालाची पानं तांबूस होऊन आकसत चालली होती. शाल्मलीला काही कळेना. मंगळावरच्या वसाहतीतला हा एकुलता एक वालाचा वेल. आई कामासाठी पृथ्वीवर गेली, तेव्हा मूठभर वाल ठेवून गेली होती. आजोबांनी, वनस्पतिशास्त्रज्ञ असूनही, त्यांचं बिरडं करून खाल्लं. उरलेल्या एका दाण्याचा हा वेल होता. तो गेला, तर आईची एवढी खूणही जाणार होती.

आजोबांनी पान उलटसुलट करून पाहिलं. कुंडी कुठे ठेवली होतीस, असं विचारलं. घुमटाच्या नव्या खिडकीत, शाल्मली म्हणाली. वालाला ऊन आवडतं, असं आई सांगायची.

आईचं म्हणणं पृथ्वीपुरतं खरं होतं. तिथे उंचावरचा ओझोनचा थर सूर्याचे बरेचसे अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारे, जांभळ्याच्या पलीकडचे किरण) अडवतो. मंगळावर तसं पांघरूण जवळजवळ नाहीच, आणि नव्या खिडकीची काचही ते किरण अडवत नव्हती. पडदा लावावा, तर उजेडही अडतो.

मग आजोबांनी कुंडी सावलीत घेतली आणि संजीवकाचा (वनस्पतीच्या वाढीचं नियमन करणाऱ्या द्रव्याचा) अगदी विरळ फवारा मारला. हे संजीवक म्हणजे सॅलिसिलिक आम्ल; ते वनस्पती स्वतःही किंचित बनवतात. शाल्मलीने आणखी मारायला बाटली उचलली, ती त्यांनी काढून घेतली. जास्त झालं, तर वाढच खुंटते.

“हे मलम नाही गं, निरोप आहे,” ते म्हणाले. “तयारीला लाग, एवढाच. काम वेलालाच करायचं. तो पानाच्या त्वचेत किरण शोषणारी रंगद्रव्यं साठवतो, पेशींची मोडतोड सावरतो.”

आईचेही निरोपच यायचे. केस विंचर, जेवून घे, रडू नकोस. आई यायची नाही, आणि सगळं शाल्मलीला स्वतःच करावं लागायचं. तिला आई फार हवी होती.

होरपळलेली पानं हिरवी झाली नाहीत. पण रोज थोडाथोडा खिडकीकडे सरकवलेल्या वेलाला नवी पानं आली, ती टिकली. मग फुलं आली, शेंगा आल्या. वाळलेले दाणे पाहून आजोबांच्या तोंडाला पाणी सुटलं, तरी त्यांनी ते मुकाट्याने तिच्या ओंजळीत ओतले.

शाल्मलीने पृथ्वीकडे निरोप धाडला. “आई, एकही दाणा खाल्ला नाही. सगळे पेरतेय. बिरडं तू आल्यावर. तू सोलायला बस, मी शेजारी बसेन.”

निरोप पोचायला वेळ लागणार होता. तोवर ती कुंड्यांतली माती भुसभुशीत करू लागली.