निरोपाचं घड्याळ

वेधशाळेच्या गच्चीवरच्या वातदर्शकाला तेल द्यायला तो वर आला, दार उघडलं, आणि एक भलामोठा पांढरा फुगा धाडकन त्याच्या तोंडावर आदळला.

"सोडू नका! धरा… अहो, मिठी मारा त्याला!" फुग्यापलीकडून कुणीतरी ओरडलं.

त्याने मिठी मारली. पलीकडून तिनेही मारलेलीच होती. वारा पडेपर्यंत दोघं तसेच उभे — मध्ये फुगा. मग कडेवरून दोन डोळे डोकावले, हसरे, वाऱ्याने पाणावलेले.

"नवे दुरुस्तीवाले ना तुम्ही? पहिल्याच दिवशी बरं जमलं!"

आता काय सांगावं! वेधशाळेतली यंत्रं सगळी धडधाकट होती. बिघडला तो हा एकटाच.

रोज सकाळी फुगा सोडायचा, दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीतून त्याचा माग काढायचा आणि वरचा वारा कसा आहे ते सांगायचं, हे तिचं काम. सगळे तिला फुगेवालीच म्हणत. तिचा जीव होता त्या कामावर.

"वातदर्शकाला रोज तेल लागतं?" ती विचारायची.

"लागतं… म्हणजे, वारा फार आहे ना."

"आज तर पानही हलत नाहीये."

"म्हणूनच. वारा यायच्या आत तयारी नको?"

ती हसायची. पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघायची… पण हा पठ्ठ्या मूग गिळून गप्प! कारण पहिल्याच दिवशी टायपिस्ट मावशींनी त्याला इथली पद्धत सांगितली होती. लग्न ठरलं की बाईने नोकरी सोडायची, आणि ऑफिसने तिला निरोपाचं भिंतीवरचं घड्याळ द्यायचं. आपण विचारलं तर हिची गच्ची जाणार, या धास्तीने तो पुन्हा तेलाच्या डब्याकडे वळे.

एका संध्याकाळी पाऊस भुरभुरला आणि दोघं एका छत्रीतून बसस्टॉपपर्यंत गेले. छत्री सगळी तिच्यावर आणि हा अर्धा भिजलेला. मावशींनी खिडकीतून पाहिलं. झालं!

दोन दिवसांनी चहाच्या वेळी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, छोटंसं भाषण ठोकलं आणि तिच्या हातात घड्याळ ठेवलं.

"पण मी चाललेय कुठे?" ती चक्रावली.

"अगं, लग्न ठरलं ना तुझं?"

"कुणाशी?"

सगळ्या माना एकदम दुरुस्तीवाल्याकडे वळल्या. त्याचे कान लालबुंद. बाजारात तुरी म्हणतात ना, तशी गत!

तिने घड्याळ टेबलावर ठेवलं.

"माझं लग्न ठरेल तेव्हा ठरेल, साहेब. पण लग्न केलं म्हणून बाईला कामावरून काढता येत नाही. गेल्या वर्षी तसा कायदा झालाय. रेडिओवर ऐकलं तेव्हा मी आईला आवाज मोठा करायला लावला होता. तुमच्या लग्नात तुम्हाला दिलं होतं का हो घड्याळ?"

साहेब गडबडले. "मला… बढती मिळाली होती."

मावशीच आधी फिस्सकन हसल्या, मग सगळेच.

"कायदा आहे खरा," साहेब ओशाळून म्हणाले. "पण इथे कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय. उद्याचा फुगा कोण सोडणार?"

"तूच गं बाई. उद्याचा, परवाचा, सगळे तूच."

दुसऱ्या दिवशी तो वर आला तो रिकाम्या हाताने.

"तेलाचा डबा?"

"आणलाच नाही. आजपासून खोटं बंद." तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मला कायदा ठाऊक नव्हता. वाटलं, विचारलं तर तुमचं काम सुटेल…"

"म्हणजे माझ्या नोकरीचं तुम्हीही परस्परच ठरवलंत. मला न विचारता!"

"चुकलंच माझं."

"मग आता विचारा की."

वारा मंद होता. फुगा तिच्या दोन्ही हातांत डुलत होता.

"माझ्याशी लग्न… करशील?"

"थांब, हात गुंतलेत."

तिने फुगा सोडला आणि डोळा दुर्बिणीला लावला. फुगा वर गेला, लहान झाला, आणखी लहान… मग डोळा न काढताच तिने मोकळा हात मागे केला आणि त्याचा हात चाचपडत शोधून घट्ट धरला.

"हो," ती म्हणाली. "पण हलू नकोस हं, फुगा नजरेतून निसटेल."

तो हलला नाही.