छत्रीवाल्याला कुणी मागितलं नाही

"जरा हळू... कान आहे तो."

बोळेबाई दचकली नाही. परांचीवर बसून लेण्यातल्या चित्रांवरची काजळी कापसाच्या बोळ्यानं टिपून काढायची, हा तिचा धंदा. नावही त्यावरूनच पडलेलं. लेण्यात आवाज कुठून कुठे फिरतात, हे तिला पाठ होतं. बाहेर पहारेकरी शिंकला, तर आत एखादी अप्सरा शिंकल्यासारखी वाटायची.

ती मान न वळवता म्हणाली, "रंगालाही कान असतात होय?"

"रंगाला नाही हो, मला. गुदगुल्या होतात."

आता मात्र ती वळली. खाली एक तरुण उभा होता. सावळा, रुंद खांद्यांचा, हसू ओठांत दाबून उजवा दंड चोळत असलेला. दिसायला बरा होता. खरं सांगायचं तर बऱ्यापेक्षा बराच बरा होता.

तिनं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. आत्ताच जिथे चित्रातल्या छत्रीवाल्याचा कान उजळला होता, तिथे नुसता कोरा गिलावा... आणि वर, कुणीही न धरलेली, पांढरी छत्री.

दुसरी कुणी असती तर परांचीवरून थेट डोक्यावर आली असती. बोळेबाईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. छत्री तशीच अधांतरी.

"धरून धरून हात भरून आलाय," तो म्हणाला. "काजळीखाली निदान झोप लागायची. तुम्ही कान साफ केलात आणि तुमचं गुणगुणणं ऐकू आलं. फारच बेसूर गुणगुणता हो."

"म्हणून जागे झालात?"

"जागा त्यानं झालो. उतरलो... ते बघायला."

"काय बघायला?"

"इतकं बेसूर असून इतकं खुशीत कोण आहे, ते."

ती भिंत म्हणजे बुद्धाच्या एका आधीच्या जन्माची गोष्ट. मागेल त्याला मागेल ते देणारा राजपुत्र. कुणी हत्ती मागितला, दिला. रथ मागितला, दिला. पुढे आलेल्या दातांच्या एका म्हाताऱ्यानं पोटची पोरं मागितली. झारीतून त्याच्या हातावर दानाचं पाणी सोडून तीही देऊन टाकली. आणि या राजपुत्राच्या मागे, ऊन लागू नये म्हणून, आमचा छत्रीवाला.

मग काय विचारता! बोळेबाई कामावर लवकर यायला लागली. घरी मावशी एकेक स्थळ सांगायची, ही "हं" म्हणायची आणि डबा भरायची. लेण्यात तो खांबाला टेकून गप्पा मारायचा. बाहेर पाऊल वाजलं की क्षणात भिंतीवर, छत्रीखाली, साळसूद चेहऱ्यानं. त्याचा हात चुकून लागला तर गार लागायचा, गिलाव्यासारखा. आणि चित्रातले सगळे डोळे, जे कालपर्यंत हत्तीकडे होते, ते आता तिच्याकडे वळलेले असायचे.

"हे असे काय बघतात रे?"

"त्यांना दुसरी करमणूक काय आहे इथे?"

मग एका दुपारी तिच्या वरिष्ठ, मोठ्या बाई, आल्या. भिंत निरखून म्हणाल्या, "छान उजळलंय. उद्या सकाळी लेप देऊ. मग रंगाचा कणसुद्धा जागचा हलणार नाही."

बाई गेल्या. तो उतरला, पण हसला नाही.

"म्हणजे मी..."

"हलणार नाहीस," ती म्हणाली. "चल, आत्ताच्या आत्ता बाहेर."

तो उंबऱ्यापर्यंत आला. पाऊल बाहेर पडलं आणि विरळ झालं; त्यातून खालचा दगड दिसायला लागला. त्यानं पाऊल मागे घेतलं.

"मी राजपुत्राचा आहे. त्यानं दिल्याशिवाय नाही जाता येत."

"तो तर सगळंच देतो ना?"

"मागितलं तर. लोक हत्ती मागायला आले, रथ मागायला आले... छत्रीवाल्याला कुणी मागितलं नाही."

ती राजपुत्राकडे निघालीच. त्यानं गार हातानं तिचा हात धरला. "थांब. चितारणाऱ्यानं मागणारे काढलेच नव्हते. ते आपले आपण आले. जो मागतो, त्याचं काहीतरी या भिंतीत राहतं."

"काय राहतं?"

"परत येऊन कुणी सांगितलं नाही."

तिला भीती वाटली. खूप वाटली. तरी ती राजपुत्रासमोर उभी राहिली आणि हात पसरला.

"मला हा हवाय," ती म्हणाली. "छत्री धरायला नाही... माझ्याशी बोलायला."

लेणं एकदम गप्प झालं, वाघळंसुद्धा. राजपुत्राच्या पापण्या लवल्या. आणि जिथे पाण्याची बाटली आणायचीही बंदी, तिथे कोरड्या भिंतीतून तिच्या तळहातावर गार धार पडली.

सकाळी मोठ्या बाई ब्रश घेऊन आल्या. छत्री धरणारा जागेवर नव्हता, आणि मागणाऱ्यांच्या रांगेत शेवटी एक नवी मुलगी होती. हात पसरलेली, चष्मेवाली. बाईंनी भिंतीकडे पाहिलं, बोळेबाईकडे पाहिलं, दाराबाहेर उन्हात डोळे चोळत उभ्या असलेल्या तरुणाकडे पाहिलं. बाईंचा सगळा जन्म लेण्यांत गेला होता. त्यांनी ब्रश लेपात बुडवला.

"बाजूला सरक," बोळेबाईला एवढंच म्हणाल्या.

मावशीनं नव्या जावयाला विचारलं, "आधी काय करत होता?"

"राजवाड्यात होतो. मग भिंतीत."

"गवंडीकाम का? चांगलं आहे," मावशी म्हणाली.

पण बोळेबाईचा तळहात त्या दिवसापासून वाळलेला नाही. टॉवेल झाला, शेगडी झाली, डॉक्टर झाले. रस्त्यानं चालताना तो तोच हात धरतो.

"ओला आहे रे. थांब, पुसते."

"नको," तो म्हणतो. "राहू दे... आता मलाही गार लागतो."