रेवाची दचक

चंद्रावरच्या वस्तीत तान्हं मूल एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचं म्हणजे फेकायचं, अशीच पद्धत पडली होती. तिथली गुरुत्वाची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश. बाळ सावकाश तरंगत पलीकडे जाई आणि झेलणारा त्याचा गालगुच्चा घेई. हेमांगीच्या चार महिन्यांच्या रेवाला तर अख्ख्या वस्तीने झेललं होतं. ती कधी दचकली नाही. पोर किती धीट आहे, हे हेमांगी येईल त्याला सांगत असे.

पृथ्वीवर परतायची वेळ आली तेव्हा डॉक्टर इनामदारांनी या कौतुकावर विरजण घातलं. त्यांनी समजावलं ते असं : नवजात बाळाचं डोकं जरा मागे कलंडलं, की ते हात फैलावतं, मग कवटाळल्यासारखे जवळ ओढतं आणि रडतं. हे कोणी शिकवत नाही. मेंदूच्या तळाशी ते आधीच असतं. काही महिन्यांत ही दचक मावळते आणि तिच्या जागी तोल सावरणं, जाणूनबुजून धरणं येतं. स्लॅब पक्का होईपर्यंत खालून टेकूंचं सेंटरिंग लागतं, तसंच हे. चंद्रावर पडणंच इतकं सावकाश, की रेवाची दचक जागी झालीच नव्हती.

"भीती नसणं हा काय आजार झाला, डॉक्टर?"

"तुम्ही कडेवर घेता तेव्हा ती तुम्हाला धरते का?"

हेमांगीने आठवून पाहिलं. रेवाने तिला कधीच धरलं नव्हतं.

उपाय भारघरात होता. भारघर म्हणजे वेगाने फिरून आतल्यांना पृथ्वीइतकं वजन देणारी गोल खोली. तिथे बाळाला हातभर उंचीवरून जाड गादीवर सोडायचं, दचक जागी होईपर्यंत. मी सोडतो, आईने यात पडू नये, असं इनामदारांनी बजावलं. पण हेमांगी हट्टाची.

"परक्याच्या हातून नको. माझे हात तिच्या ओळखीचे आहेत."

पहिल्यांदा सोडलं तेव्हा रेवा गादीवर पडून खुदकन हसली. दुसऱ्यांदाही. हेमांगीने तिला पुन्हा उचललं आणि पुन्हा हात काढून घेतले. या वेळी रेवाचे हात ताडकन फैलावले आणि तिने टाहो फोडला. इनामदारांनी तिला चटकन उचललं. तिने त्यांची कॉलर दोन्ही मुठींत गच्च पकडली.

"झालं. आता हिची वाढ रुळावर येईल," ते म्हणाले.

हेमांगीचे डोळे आनंदाने भरून आले. तिने हात पुढे केले. रेवाने त्या हातांकडे पाहिलं आणि डॉक्टरांची कॉलर आणखी घट्ट धरली.