डाव्या मडगार्डचा रंग

मोबाइल उपडे ठेवा आधी. आणि मध्ये मध्ये फाटे फोडायचे नाहीत.

माझा साडू, म्हणजे आमच्या हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, शाळामास्तर. चाळीसच्या वर गाडी न्यायचा नाही, इतका भित्रा. दहा नोव्हेंबरला, रविवारी सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "भाऊ, तुमचा कंप्रेसर आणि रंगाची गन द्याल का? गाडी घरीच निळी करायची आहे. हिला पांढऱ्याचा कंटाळा आलाय."

आता माझी मेव्हणी निळी बादलीसुद्धा घरात ठेवत नाही. तरी मी सामान घेऊन गेलो. आयुष्यभर गाड्याच रंगवल्या, अशा कामाला नाही म्हणवत नाही.

घराला लागूनच्या शेडमध्ये गाडी, दार आतून लावलेलं. गाडीचं डावं मडगार्ड चेपलेलं आणि दिव्याच्या कडेत तपकिरी लोकरीचा एक धागा अडकलेला. साडू माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काही विचारलं नाही. नात्यातला माणूस, म्हटलं झाकली मूठ सव्वा लाखाची. धागा काढून मोरीत टाकला. पोच्यात माझ्या हातानं पुट्टी भरली, घासली, आणि संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून गाडी निळी केली. काम झकास झालं होतं, खोटं कशाला सांगू.

सोमवारी सकाळी मडगार्डवर वितभर जागा पांढरी. रंग उडाला नव्हता, घासला होता. आम्ही पाण्यात भिजवून पॉलिश पेपर मारतो ना, तसा. गोल, आणि कड बोटालाही लागणार नाही इतका सफाईदार. खाली निळसर दुधाळ पाणी साचलेलं. साडूनं पुन्हा रंग मारला. मंगळवारी सकाळी पुन्हा तेच. तेव्हा त्यानं मला बोलावलं.

"काका, उंदीर असेल."

उंदराला पेपर मारता येतो का रे? म्हणून म्हटलं, फाटे फोडू नका.

तर मंगळवारची रात्र, बारा तारीख. मेव्हणीला आमच्याकडे झोपायला पाठवलं होतं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो, शेड भिंतीपलीकडेच. शेडला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. पावणेदोनला आवाज सुरू झाला.

खर्र... खर्र... खर्र...

घाई नाही. मध्ये थांबायचं. पाणी शिंपडल्यासारखं व्हायचं. पुन्हा खर्र...

साडू भिंतीकडे बघतच बोलायला लागला. "शनिवारी रात्री. सायकलवर होता. मी थांबलो होतो हो, भाऊ. खाली उतरलो. तो शुद्धीत होता. म्हणाला, मला नुसतं बसतं करा..."

"मग?"

"मी गाडीत बसलो."

मी उठलो. कुलूप काढलं. दिवा लावला.

शेडमध्ये कोणी नव्हतं.

आवाज थांबला नव्हता.

मडगार्डवरचा रंग जात होता. आमच्या डोळ्यांदेखत. आधी निळा. मग माझी पुट्टी. ओघळ खाली येत होते. पोचा उघडा पडत होता... थोडा... आणखी थोडा... मी दारातच होतो. साडू मात्र पुढे गेला. गाडीजवळ जमिनीवर बसला. म्हणाला, "बस करा. सांगतो मी."

थांबलं.

पहाटे तो चालत पोलिसांकडे गेला. मी सोबत होतो. तिथं कळलं, तो माणूस लाकडाला पॉलिश करायचा. दोन मुली आहेत त्याला. रस्त्याखालच्या चरात पडून होता, आणि डॉक्टर म्हणाले, रविवारी दुपारपर्यंत जिवंत असणार. म्हणजे मी पुट्टी घासत होतो, तेव्हा. सकाळी मी एक प्रश्न विचारला असता तर...

असो. साहेबांनी साडूला विचारलं, "गाडी रंगवायला कोणी मदत केली?" तो म्हणाला, "कोणी नाही." मी शेजारीच उभा होतो. लाज वाटली रे, फार वाटली. पण तोंड उघडलं नाही. त्याचा जबाब लिहून झाला, त्याला आत घेतलं आणि मी घरी आलो.

गुरुवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं. बाहेरच्या बाजूनं, कडीच्या खाली, वितभर जागेवरचा रंग गेला होता. पार लाकडापर्यंत. लाकडाच्या रेषेरेषेनं घासलेलं, गुळगुळीत. हात फिरवला, तर ओलं होतं.

त्याच्यावर रंग मारायची माझी हिंमत होत नाही. पोलिसांकडे जायचीही होत नाही.

परवा मोजली ती जागा. दीड वीत भरली.